कॉन्फिडन्स कोच व्हायचंय, नोकरी सोडू का?

प्रश्न: मी ३६ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात १२ वर्षं नोकरी करते. पगार २८ हजार. इंटरव्ह्यूची तयारी करून घेणं हे माझं काम नाही, पण मुलं माझ्याकडेच येतात. 'मॅडम, तुमच्याशी बोललं की धीर येतो,' म्हणतात. कॉन्फिडन्स कोच म्हणून पूर्णवेळ काम करावं असं गेलं वर्षभर फार वाटतंय. तीन दिवसांचा एक ऑनलाइन कोर्स पाहून ठेवलाय, फी ७५ हजार, 'इंटरनॅशनल सर्टिफाइड' असं सर्टिफिकेट मिळतं. आमचे मिस्टर म्हणतात, धीर द्यायचे पैसे कोण देणार? शिवाय स्टेजवर गेले की माझेच हात गार पडतात आणि इंग्रजीही बेताचंच आहे. मी या कामाला लायक आहे का? नोकरी कधी सोडू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

कोर्स, फी, मिस्टरांची शंका या सगळ्याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, पण ज्या गोष्टीवर हे सगळं उभं आहे ती एका ओळीत उरकलीत. मुलं तुमच्याकडेच येतात. आल्यावर तुम्ही त्यांच्याकडून नेमकं काय करून घेता आणि पुढे त्यांचं काय होतं, हे मला वाचायला आवडलं असतं. तुम्ही नुसता धीर देत असाल असं मला वाटत नाही. नुसता धीर घेऊन गेलेली मुलं पॅनलसमोर बसली की पुन्हा गप्प होतात, आणि मग पुढच्या बॅचच्या पोरांना 'त्या मॅडमना भेट' असं कुणी सांगत नाही. तुमच्याकडे पोरं येत राहिलीत, म्हणजे तुमच्या हातून आणखी काहीतरी घडतंय.

आधी सरळ उत्तरं देते. या कामाला तुम्ही लायक आहात. नोकरी आत्ता सोडू नका. आणि तो कोर्स या घडीला करू नका. आता कारणं.

आत्मविश्वास माणसात कुठून येतो, यावर आल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं काम केलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सापाची पराकोटीची भीती असलेल्या लोकांवर केलेले प्रयोग तुमच्या कामासाठी फार मोलाचे आहेत. काहींना दुसरी माणसं साप हाताळताना दाखवली. काहींच्या बरोबर एक जाणकार माणूस राहिला आणि त्याने त्यांना टप्प्याटप्प्याने पुढे नेलं: आधी लांबून बघायचं, मग खोलीत यायचं, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा, मग हातमोजे काढून. शेवटी साप मांडीवर घेऊन ही माणसं स्वस्थ बसू शकली. सगळ्यात जास्त फरक या दुसऱ्या गटात पडला, ज्यांनी स्वतःच्या हाताने केलं आणि करताना शेजारी कुणीतरी होतं त्यांच्यात.

पुढे १९७७ मध्ये बांदुरांनी मांडलं की 'हे मला जमेल' ही भावना चार वाटांनी येते. सगळ्यात भक्कम वाट म्हणजे ती गोष्ट स्वतः करून पाहणं आणि ती जमणं. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला तरी ती जमताना पाहणं. मग कुणीतरी 'तुला जमेल' म्हणणं. आणि चौथी, आपल्या शरीराला त्या वेळी जे होतं त्याचा आपण लावलेला अर्थ. 'तुला जमेल' हे शब्द यात बरेच कच्चे आहेत. ते ऐकून माणूस पुढे गेला आणि तोंडावर आपटला, तर ते शब्दही जातात आणि बोलणाऱ्यावरचा भरवसाही जातो. मोठमोठ्या हॉलमध्ये टाळ्या वाजवून घेणारी शिबिरं तिसऱ्या वाटेवरच थांबतात, म्हणून त्यांचा उत्साह सोमवारपर्यंतही टिकत नाही. तुमचं काम पहिल्या वाटेवर आहे. माणसाला झेपेल एवढी पायरी शोधायची, त्याच्याकडून ती चढवून घ्यायची आणि तो चढत असताना तिथे थांबायचं. हे कौशल्य आहे, त्याला वेळ आणि डोकं लागतं, आणि त्याचे पैसे घेण्यात काहीही गैर नाही. मिस्टरांना हे नक्की सांगा.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं तेही सांगते. माझ्या ओळखीच्या एका ट्रेनर बाईंकडे तासगाव भागातला मेकॅनिकल डिप्लोमा झालेला एक मुलगा आला होता. एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये इंटरव्ह्यूला जायचा आणि 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की त्याचं डोकं रिकामं व्हायचं. पाठ केलेल्या चार ओळींपैकी दोन आठवायच्या. बाईंनी त्या ओळी बाजूला ठेवल्या आणि विचारलं, गेल्या महिन्यात हाताने काय दुरुस्त केलंस? घरच्या द्राक्षबागेतला ब्लोअर, म्हणाला. कसा? मग तो बोलायला लागला. फवारणीला प्रेशर येत नव्हतं, आधी नोझल काढून धुतले, मग फिल्टर पाहिला, शेवटी पंप खोलला तर डायफ्राम फाटलेला. दहा मिनिटं तो मराठीत बोलत होता आणि मान खाली नव्हती. बाईंनी फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं (त्याला विचारून), ते त्यालाच ऐकवलं. पुढच्या वेळी तीच गोष्ट निम्मी मराठी निम्मी इंग्रजी. त्यानंतर तीच गोष्ट बाईंच्या शेजारच्या, त्याला अजिबात न ओळखणाऱ्या गृहस्थांना. मग तीन मिनिटांत. मग मध्येच कुणी अडवून प्रश्न विचारला तर. कंपनीतल्या माणसाने जेव्हा त्याला त्याच्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने ब्लोअरपासून सुरुवात केली. पहिल्या कंपनीने घेतलं नाही, पण तो गप्प झाला नाही, आणि बाईंनी आपल्या वहीत यश म्हणून तेच लिहिलं.

यात कुठेही 'स्वतःवर विश्वास ठेव' हे वाक्य आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता तुमचे गार पडणारे हात. 'मलाच भीती वाटते, मग मी दुसऱ्याला काय शिकवणार' ही शंका या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रामाणिक माणसाला असते, आणि ती चुकीच्या समजावर उभी आहे. आल्बर्ट एलिस यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे भीतीमागचे अविवेकी विचार तपासून बदलण्याची उपचारपद्धत, ही त्यांची, आणि आपल्याकडे ती रुजवण्यासाठी कि. मो. फडके यांनी आयुष्य वेचलं. हे एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरायचे. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःलाच कामाला लावलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की जाऊन शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. ते सांगायचे की महिन्याभरात १३० जणींच्या शेजारी बसलो. त्यातल्या ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही, आणि भीती गेली. (आजच्या मुलांना हा प्रयोग जसाच्या तसा सांगू नका. अनोळखी मुलीच्या शेजारी जाऊन बसणं तिच्यासाठी त्रासाचं असू शकतं. दुकानात जाऊन काहीही न घेता भाव विचारून परत येणं, भर बसमध्ये कंडक्टरला मोठ्याने स्टॉप विचारणं, असे प्रयोग पुरेसे आहेत.) भीती आत-बाहेर ओळखणारा माणूसच पुढे या विद्येचा शिक्षक झाला.

स्टेजवर हात गार पडतात, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हे शरीर तयारीला लागल्याचं लक्षण आहे. सरावलेल्या वक्त्यांनाही ते होतं, फक्त ते त्याचा अर्थ 'माझं आता संपलं' असा लावत नाहीत. बांदुरांची चौथी वाट ती हीच. मात्र दुसऱ्याला पायऱ्या चढायला लावायच्या तर स्वतःही चढत राहायला हवं. सांगली-कोल्हापूरकडे टोस्टमास्टर्सचा, म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करणाऱ्यांचा, क्लब सापडला तर जा. नाही सापडला तर गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचं निवेदन मागून घ्या, महिला मंडळात १० मिनिटं बोला. आणि समोरच्या मुलांना सांगा की माझेही हात गार पडतात. त्याने तुमची किंमत कमी होणार नाही. बांदुरांची दुसरी वाट अशा माणसांमुळेच उघडते, ज्यांना आपल्यासारखीच भीती आहे आणि तरीही जमतंय.

इंग्रजीबद्दल फार वेळ घालवणार नाही. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत मोकळं होता यायला हवं, आणि ती भाषा तुम्हाला उत्तम येते. पुण्या-मुंबईच्या कॉर्पोरेट मॅनेजरांना कोचिंग देणारे ढिगाने आहेत. पलूस-विट्याच्या मुलाशी त्याच्या बोलीत बोलून त्याला इंटरव्ह्यूपर्यंत नेणारे फार थोडे आहेत.

इथेच दुसरा महत्त्वाचा मुद्दा येतो. 'मी सगळ्यांना आत्मविश्वास देते' असं म्हणून सुरुवात करू नका. लोक आत्मविश्वास विकत घ्यायला घराबाहेर पडत नाहीत. परवाचा इंटरव्ह्यू, पुढच्या महिन्यातलं प्रेझेंटेशन, मुलीच्या लग्नानंतर पुन्हा नोकरी शोधायची आहे पण फोन करायला हात उचलत नाही, अशा एखाद्या ठसठसणाऱ्या प्रसंगासाठी ते मदत शोधतात. तुमचा प्रसंग ठरलेला आहे: पहिली नोकरी, पहिला इंटरव्ह्यू, ग्रामीण भागातली मुलं-मुली. वर्षभर तेवढंच करा. पुढे वाढायचं असेल तर तुमच्याच परिसरात एक मोठी गरज आहे, तिच्याकडे कोचिंगवाल्यांचं फारसं लक्ष जात नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. निवडून आलेल्या कितीतरी बायका हुशार आहेत, गावाचं त्यांना सगळं कळतं, पण ग्रामसभेत त्यांच्या शेजारी बसून नवरा किंवा दीर बोलतो. कायदा, निधी, योजना यांची माहिती देणारी सरकारी प्रशिक्षणं आहेत. मात्र भर सभेत कुणी आवाज चढवला तर वाक्य अर्धवट न सोडता पुरं कसं करायचं, याचा सराव बसून करून घेणारं कुणीतरी त्यांना हवं आहे. तुम्हाला या कामाची ओढ वाटली तर मला मनापासून आनंद होईल.

आता जिथे जपून पाऊल टाकायचं ती जागा. तुमच्यासमोर येणारा प्रत्येक गप्प माणूस आत्मविश्वास कमी असल्यामुळे गप्प असतो असं नाही. एखादा तोतरेपणामुळे बोलणं टाळतो, त्याला स्पीच थेरपिस्ट हवा. एखाद्या मुलीला घरी मारहाण होते, तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि विश्वासाचं माणूस हवं. एखाद्याला त्याच्या जातीवरून किंवा बोलीवरून वर्गात हिणवलं गेलंय. तिथे त्याच्यातच काहीतरी कमी आहे असं धरून पाच सेशन घेणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल. आणि काहींना खरोखरचा आजार असतो. लोकांसमोर जायच्या कल्पनेनेच आठवडाभर झोप उडते, कॉलेज सुटतं, जेवण जात नाही, छातीत धडधडून आता मरणार असं वाटतं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येतं. अशा वेळी तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी ते तुमचं काम नाही. त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते करणारी माणसं वेगळी आहेत. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, जवळचे मानसोपचारतज्ज्ञ यांची नावं आधीच लिहून ठेवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर भिंतीवर लावा. तिथे चोवीस तास फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं. 'तुला माझ्यापेक्षा चांगली मदत मिळू शकते, मी तुझ्याबरोबर येते,' हे वाक्य म्हणायला लाजू नका. स्वतःला मानसशास्त्रज्ञ किंवा थेरपिस्ट म्हणवून घेऊ नका, आणि दुसऱ्या कुणी तसं म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

पैशांचा हिशोब कागदावर मांडू. समजा तुमच्या भागात तासाच्या सेशनचे ७०० रुपये घेतले. २८ हजारांसाठी महिन्याला ४० सेशन लागतील. एक माणूस साधारण पंधरा दिवसांनी येतो, म्हणजे एका वेळी तुमच्याकडे २० माणसं हवीत. सहा सेशनमध्ये, तीन महिन्यांत, एकेकाचं काम संपतं (आणि ते संपायलाच हवं, चांगल्या कोचकडे माणसं अडकून राहत नाहीत). म्हणजे दर तीन महिन्यांनी नवी २० माणसं, वर्षाला ८०. शिवाय परीक्षेच्या काळात कुणी येणार नाही, कॅम्पसच्या हंगामात सगळे एकदम येतील. हा आकडा तुम्हाला घाबरवण्यासाठी मांडला नाही. राजीनामा कशाच्या बदल्यात द्यायचा आहे, हे स्वच्छ दिसावं म्हणून मांडला. सलग सहा महिने निम्मा पगार बाहेरून सुटायला लागला आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की राजीनाम्याचा विचार करा. त्याआधी नको. दोन-तीन कॉलेजं किंवा आयटीआयशी गटाच्या कार्यशाळांचं ठरलं तर हे गणित बरंच सोपं होतं, आणि १२ वर्षं प्लेसमेंटमध्ये काढलेल्या बाईला त्या कॉलेजांमधली माणसं माहीत असणारच.

तोवर शनिवार-रविवार काम करा. पण आपल्या कॉलेजच्या मुलांकडून एक रुपयाही घेऊ नका. प्लेसमेंटच्या खुर्चीत बसून त्याच मुलांकडून फी घेतली तर ती वशिल्याची फी आहे असंच दिसेल, आणि तुमचं नाव खराब होईल. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय तेही एकदा वाचा, गरज असेल तर लेखी परवानगी घ्या. कागदपत्रांचं ओझं सुरुवातीला फार नाही. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर मात्र एक पानाचा साधा कागद करा: किती सेशन, किती फी, सेशन बुडालं तर काय, आणि बोललेलं बाहेर जाणार नाही, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. मूल १८ च्या आतलं असेल तर पालकांची सही. आणि जाहिरातीत नोकरीची हमी कधीही देऊ नका.

राहिला कोर्स. कोच म्हणून काम करायला भारतात कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे 'इंटरनॅशनल सर्टिफाइड' हे शब्द कुणीही छापू शकतं. जगभरात ज्यांच्या पात्रतेला मान आहे त्यात १९९५ मध्ये स्थापन झालेलं इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन पुढे आहे. त्यांच्या अगदी पहिल्या पायरीलाही, म्हणजे एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच) या पात्रतेला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, शिवाय अनुभवी कोचकडून स्वतःच्या कामावर मार्गदर्शन. त्याच्या शेजारी तीन दिवस ठेवून पाहा. तुमच्या त्या संस्थेला फोन करून एवढंच विचारा: मी खऱ्या माणसाबरोबर सेशन घेताना तुमच्यापैकी कुणी बसून पाहणार आहे का, आणि माझं कुठे चुकलं ते सांगणार आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवा. शिकणं तुम्हाला लागणारच आहे. ऐकायचं कसं, प्रश्न कसा विचारायचा, सल्ला देण्याची घाई कशी आवरायची, हे शिकावं लागतं. समुपदेशनाची मूलभूत ओळख करून देणारे, काही महिने चालणारे अभ्यासक्रम मराठीतही चालतात. त्यातला एखादा आधी करा, कोचिंगचं मोठं प्रशिक्षण नंतर.

या महिन्यात करायचं ते असं. तुमच्या कॉलेजबाहेरची पाच मुलं-मुली निवडा, फी न घेता, पण सहाच्या सहा सेशन आणि एक पानाचा कागद ठरवून. प्रत्येकाची वेगळी वही. दर वेळी एकच प्रश्न: गेल्या खेपेनंतर असं काय केलंस, जे आधी करत नव्हतास? जे उत्तर येईल ते त्याच्या शब्दांत, तारखेसह लिहायचं. 'बरं वाटतंय' एवढंच उत्तर आलं तर तेही लिहा आणि पुढची पायरी लहान करा. तीन महिन्यांनी त्या पाच वह्या मिस्टरांना वाचायला द्या, मग दोघांनी मिळून सहाव्या माणसाची फी ठरवा. ७५ हजार तोवर बँकेतच राहू देत.